खांद्यामागचा डोळा

शर्यत म्हटली की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर महालक्ष्मीचे घोडे किंवा गावजत्रेतले बैलगाडे उभे राहतात, आणि मोटारींची शर्यत हा त्याच्या लेखी धनाढ्य कंपन्यांचा, जाहिरातींचा नि दूरचित्रवाणीचा मामला असतो. परंतु ज्या शर्यतीत धावणारा पदरमोड करून धावतो, जिंकला तर एखादे छोटे सन्मानचिन्ह घेऊन घरी जातो आणि सोमवारी सकाळी निमूटपणे आपल्या दुकानात, दवाखान्यात किंवा कचेरीत पुन्हा रुजू होतो, अशा हौशी शर्यतींचेही एक विस्तीर्ण जग आहे. अमेरिकेत या जगाचा बराचसा कारभार १९४४ साली स्थापन झालेली ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था पाहते. तिच्या स्थानिक शर्यतींना प्रेक्षक म्हणून चालकांचे कुटुंबीय, त्यांचे मित्र आणि वळणावळणांवर निशाणे घेऊन उभे राहणारे बिनपगारी स्वयंसेवक यांच्यावाचून फारसे कोणी नसते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा तर तिकडे फिरकतही नाही. तरीही या शर्यतींचे जितके चित्रण होते तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या हौशी खेळाचे होत असेल, कारण जवळजवळ प्रत्येक मोटारीत चालकाच्या खांद्यामागे एक लहानसा कॅमेरा बसवलेला असतो आणि त्याने टिपलेल्या चित्रफितीचा मुख्य, पुष्कळदा एकमेव, प्रेक्षक स्वतः चालकच असतो.

या परिचयासाठी मी कनेक्टिकट राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील ‘लाइम रॉक पार्क’ हा शर्यतमार्ग निवडला आहे. जिम व्हेल नावाच्या तरुणाने आपल्या कुटुंबाच्या मालकीच्या खडीच्या खाणीच्या जागेत तो उभा केला आणि १९५७ साली तेथे शर्यती सुरू झाल्या. लांबी अवघी दीड मैल. वळणे सात आणि त्यांपैकी डावे एकच. प्रेक्षकांसाठी सज्जे नाहीत, लोक उतारावरच्या हिरवळीवर बसतात. शेजाऱ्यांनी आणि समोरच्या चर्चच्या मंडळींनी गोंगाटाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि १९५९ साली रविवारच्या शर्यतींना मनाई करणारा जो हुकूम झाला, तो आजही अंमलात आहे. शनिवारी धावायचे आणि रविवारी घरी बसायचे, हा तेथील शिरस्ता. चित्रफिती तपासण्याच्या कामी हा न्यायालयीन हुकूम चालकांच्या पथ्यावरच पडला असावा, असे मला वाटते.

या जागेचे पहिले व्यवस्थापक जॉन फिच यांचे नाव येथे विस्ताराने घेतले पाहिजे. १९५५ साली फ्रान्समधील ल मॉं येथील चोवीस तासांच्या शर्यतीत मर्सिडीझ कंपनीच्या एका मोटारीवर फिच आणि पिअर लव्हेग या दोघांची जोडी होती. फिच आपल्या पाळीची वाट पाहत असताना, आघाडीवरचा इंग्लिश चालक माइक हॉथॉर्न थांब्याकडे वळण्यासाठी वेग कमी करतो, त्याला चुकवण्यासाठी लान्स मॅकलिनची मोटार बाजूला सरते आणि मागून येणारा लव्हेग तिच्यावर चढून प्रेक्षकांत जाऊन आदळतो, अशी ती भीषण घटना घडली. लव्हेगसह ऐंशीहून अधिक माणसे मेली. सरकारी चौकशीने कोणाही एका चालकावर ठपका ठेवला नाही, पण दोष कोणाचा हा वाद पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला. फिच यांनी उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग अपघातातून माणसे वाचवण्याच्या युक्त्या शोधण्यात घालवला. अमेरिकेच्या महामार्गांवर पुलांच्या खांबांपुढे वाळूने भरलेली पिवळी पिंपे दिसतात ती त्यांचीच कल्पना. आणि ज्याच्या वेग कमी करण्यावरून हा सारा वाद माजला होता, तो हॉथॉर्न पुढच्याच वर्षी त्याच ल मॉंच्या मार्गावर जॅग्वार मोटारीवर कॅमेरा बसवून, ध्वनिग्राहकात बोलत बोलत, नित्याच्या रहदारीतून आणि सायकलस्वारांच्या बाजूने एक फेरी मारून आला. ती चित्रफीत गाडीतून घेतलेल्या चित्रणाचा एक आद्य नमुना म्हणून आजही आवडीने पाहिली जाते. असा कॅमेरा एक वर्ष आधी त्या तिन्ही मोटारींत असता तर वाद मिटला असता काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. तो मिटला नसता, असेच माझे मत आहे, आणि त्याची कारणे पुढे येतील.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९६६ सालच्या ‘ग्रां प्री’ या चित्रपटासाठी दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर यांनी धावत्या मोटारींवर अवजड कॅमेरे बांधले आणि १९७९ साली ऑस्ट्रेलियातील बॅथर्स्टच्या शर्यतीत पीटर विल्यमसनच्या टोयोटातून धावत्या मोटारीचे दृश्य दूरचित्रवाणीवर थेट दाखवले गेले. हे सारे दुसऱ्यांना दाखवण्यासाठी होते. लाइम रॉकच्या परिसरात तर याच्या नेमका उलटा प्रकार घडत होता: ‘विनिंग’ या १९६९ सालच्या चित्रपटाच्या निमित्ताने शर्यतीचे वेड लागलेला नट पॉल न्यूमन येथे ‘पी. एल. न्यूमन’ या त्रोटक नावाने हौशी शर्यतींत धावत होता. (मराठी वाचकाला या आद्याक्षरांनी दुसऱ्याच कोणाची आठवण होईल, त्याला इलाज नाही.) जन्मभर कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या या माणसाने १९७६, १९७९, १९८५ आणि १९८६ अशी चार राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली, तीही या हौशी संस्थेची.

सामान्य चालकाच्या हाती कॅमेरा आला तो १९८५च्या सुमारास, सोनी कंपनीच्या आठ मिलिमीटर फितीच्या यंत्रांबरोबर. स्पंजात गुंडाळलेले ते धूड मोटारीतील पोलादी सांगाड्याला बांधीत. पण फीत वाचणारे गरगर फिरणारे डोके हादऱ्यांनी बावरे आणि नेमक्या अटीतटीच्या वळणावर चित्राच्या चिंध्या होत. पुढे बोटाएवढा कॅमेरा आणि वेगळा ठेवलेला मुद्रक अशी विभागणी झाली. खरा पालट झाला तो चित्रण फितीऐवजी स्मृतिपत्रिकेवर होऊ लागले तेव्हा, कारण तीत हलणारा भागच नव्हता. निक वुडमन या लाटांवर स्वार होण्याचा षोक असलेल्या तरुणाने २००४ साली गोप्रो हा मनगटी कॅमेरा बाजारात आणला तो साध्या पस्तीस मिलिमीटर फिल्मचा होता; दशकाअखेर त्याचेच सुस्पष्ट चलच्चित्र घेणारे रूप मोटारींच्या सांगाड्यांवर सर्रास दिसू लागले.

तो बसवण्याचेही एक शास्त्र आहे. संस्थेच्या नियमावलीप्रमाणे कॅमेऱ्याचे धड किमान दोन ठिकाणी आवळलेले असावे लागते आणि दोरी वापरली तर ती चालकापर्यंत कॅमेरा पोहोचणार नाही इतकी आखूड हवी. अपघातात सुटलेली पाव किलोची वस्तू म्हणजे बंदुकीची गोळीच. जागा साधारणपणे दोन आसनांच्या मधोमध, किंचित मागे: तेथून रस्ता, चालकाचे हात आणि वेगदर्शक तबकडी अशी तिन्ही एकाच चौकटीत येतात. अंतर्भाग काळोखा आणि बाहेर भर दुपार, त्यामुळे प्रकाशाचे माप काळ्या फळीवर बेतले गेले की रस्ता पांढराफटक होतो. ते माप रस्त्यावर बेतून कायम करावे लागते. चित्र स्थिर करण्याची सोय बंद ठेवावी, नाही तर यंत्र रस्ता स्थिर धरून मोटारीलाच डोलवू लागते. प्रतिमा वरून खाली ओळीओळीने टिपली जात असल्यामुळे, कंप फार असला की सांगाड्याच्या सरळ नळ्या वितळल्यासारख्या वाकड्या दिसतात. चालकाकडची खिडकी नियमानुसार उघडी, म्हणून ध्वनिग्राहक वाऱ्यापासून दूर दडवावा लागतो, आणि ही शेवटची गोष्ट नवशिक्याला सर्वांत क्षुल्लक वाटते, वास्तविक ती सर्वांत महत्त्वाची आहे.

कारण अनुभवी चालक चित्रफीत आधी ऐकतो. नवा माणूस ती आपल्या पराक्रमासाठी पाहतो, कोणाला कोठे मागे टाकले तेवढे पुन्हा पुन्हा लावतो. जुना माणूस मात्र मागेपुढे कोणी नसलेली, पाहुण्यांना दाखवली तर त्यांना जांभया येतील अशी एकाकी फेरी निवडतो आणि डोळे मिटून इंजिनाचा स्वर कानात घेतो. लाइम रॉकच्या अखेरचे ‘डाउनहिल’ हे वळण नावाप्रमाणे उतारावर आहे. मोटार उतरताना हलकी होते, तळाशी रस्ता तिला वर दाबून धरतो आणि तेथून ती सरळ मुख्य सरळीवर सुटते, म्हणून तेथे गमावलेला वेग पुढे ती सबंध सरळी संपेपर्यंत गमावलेलाच राहतो. या वळणावर आपण पाय जराही उचलला नाही, असे चालक शपथेवर सांगतो, आणि ते सांगताना तो खोटे बोलत नसतो. चित्रफितीत मात्र उताराच्या माथ्याशी इंजिनाचा स्वर क्षणभर खाली येऊन पुन्हा चढलेला स्पष्ट ऐकू येतो. स्मृती आणि नोंद यांची ही तफावत हाच या उद्योगाचा गाभा आहे: भय वाटले की पाय आपला आपण उचलला जातो आणि त्याची वर्दी मनाला मिळतच नाही. तोच कान पुढे ॲक्सिलरेटर सोडणे आणि ब्रेक दाबणे यांच्यामधला रिकामा वेळही पकडतो. मोटार नुसतीच घरंगळत असलेला हा वेळ हौशी चालकाचे सर्वांत मोठे नुकसान करतो, आणि तो प्रत्येक वळणावर थोडा थोडा साठत जातो.

कानानंतर हातांची पाळी. स्टिअरिंगच्या माथ्यावर रंगीत पट्टी चिकटवली की ते किती अंश फिरले हे दिसते; वळणाच्या मध्यावर पट्टी वारंवार मागेपुढे झाली तर चालक आत फार वेगाने शिरून मग चूक निस्तरीत बसला, असे समजावे. त्यानंतर चित्रफितीच्या चौकटी मोजायच्या. ताशी १६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार, सेकंदाला तीस चौकटी धरल्या तर, दोन चौकटींमध्ये सुमारे दीड मीटर सरकते, म्हणजे ब्रेकचा ठिकाणा पूर्वीच्या फेरीहून किती पुढे सरकला हे कागद-पेन्सिलीने काढता येते. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने स्थान दाखवणाऱ्या उपग्रहांच्या संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली अशुद्धी काढून टाकली, आणि तेव्हापासून सेकंदाला दहा वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा वेग टिपून तो चित्रावरच उमटवणारी यंत्रे हौशी लोकांच्या आवाक्यात येऊ लागली. वेग ती फार सूक्ष्मतेने सांगतात. स्थानात मात्र मीटर-दोन मीटरची चूक होते, आणि मोटारीची रुंदीच तेवढी असल्यामुळे, कोण कडेच्या किती जवळून गेला हे ठरवताना पुन्हा चित्राकडेच वळावे लागते.

‘स्पेक मियाता’ या वर्गात या तपासणीला विशेष रंग चढतो. माझ्दा कंपनीची मियाता ही छोटी दोन आसनी मोटार १९८९ साली प्रथम दिसली. या वर्गात तिच्यात बदल करण्याची मुभा इतकी अल्प आहे की दोन मोटारींतील अंतर म्हणजे बहुतांशी दोन माणसांतील अंतर. आपली आणि प्रतिस्पर्ध्याची फेरी पडद्यावर शेजारी शेजारी एकाच क्षणी सोडली की सबब सांगायला जागा उरत नाही. व्यावसायिक संघांत अशी नोंद कडीकुलुपात असते. येथे जिंकणारा ती हरणाऱ्याच्या हाती सहसा हसत ठेवतो. हौस आणि पेशा यांतला फरक सांगण्यास मला यापरते चांगले उदाहरण सापडत नाही.

कॅमेऱ्याचे दुसरे काम मात्र इतके सुखाचे नाही. कोणी धडक दिली किंवा पुढे काढण्यास मनाई करणारे पिवळे निशाण फडकत असताना पुढे काढले, तर तात्पुरता निकाल फळ्यावर लागल्यापासून अर्ध्या तासाच्या मुदतीत, फी भरून, लेखी तक्रार गुदरता येते. मग पंच दोघांची जबानी घेतात आणि दोघांच्या चित्रफिती पुरावा म्हणून हजर होतात. निशाणाच्या बाबतीत बहुधा झटकन फैसला लागतो: फडकणारे कापड चित्रात असते किंवा नसते. धडकेचे प्रकरण तसे नाही. नियम सांगतो की पुढे काढण्याच्या निर्णयाची आणि तो सुखरूप तडीस नेण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची, तर आपल्या शेजारी कोणी आले आहे हे जाणून त्याची वाट न अडवण्याची जबाबदारी पुढच्याची. पण कॅमेऱ्याचे भिंग रुंद पल्ल्याचे. ते समोरच्या मोटारीला आहे त्याहून दूर दाखवते आणि मधली फट मोठी करून सांगते. मागच्याच्या चित्रफितीत शिरायला ऐसपैस जागा दिसते; पुढच्याच्या चित्रफितीत, त्याचा कॅमेरा पुढे पाहत असल्यामुळे, शेजारी कोणी नाहीच आणि एकाएकी धक्का बसतो. दोघेही आपापल्या पुराव्यानिशी निर्दोष! ल मॉंच्या त्या वादाबद्दल मी वर जे म्हटले ते यामुळे. जाणते पंच म्हणून दोन्ही चित्रफिती एकत्र लावतात, मागे तोंड केलेला तिसरा कॅमेरा असल्यास तोही मागवतात, आणि वळणावरच्या स्वयंसेवकाची तोंडी कैफियत या सर्वांच्या पंक्तीला बसवतात.

आणखी एक वैगुण्य आहे आणि ते लाइम रॉकसारख्या डोंगराळ मार्गावर फार जाणवते. कॅमेरा चढ-उतार गिळून टाकतो. ‘अपहिल’ या वळणाचा माथा, जेथे चारही चाकांवरचा भार क्षणभर नाहीसा होतो, तो चित्रात किरकोळ उंचवट्यासारखा दिसतो, आणि ‘डाउनहिल’ तर जवळजवळ सपाट. हिवाळ्यात मार्ग बंद असताना दुसऱ्यांच्या चित्रफितींची पारायणे करून सातही वळणे तोंडपाठ केलेला नवागत वसंतात येतो, तेव्हा त्याने प्रथम मोटार बाजूला ठेवून, दुसऱ्या कोणा जाणत्याबरोबर ती दीड मैलांची फेरी पायी घालावी हे उत्तम. अशा पायी फेऱ्यांची चाल शर्यतीच्या जगात जुनीच आहे. ‘डाउनहिल’च्या माथ्यावर उभे राहून खाली पाहिले म्हणजे पाय आपोआप का उचलला जातो ते त्याला तेथेच समजते.