बाळाची झोप आणि पंख्याची घरघर

बाळ निजलं की घरातली माणसं चवड्यांवर चालू लागतात. टीव्ही बंद, बोलणं कुजबुजीवर. मंडळी, बाळाला मात्र एवढी शांतता ओळखीची नसते. पोटात असताना सहाव्या महिन्याच्या सुमारास त्याला ऐकू येऊ लागतं. तिथे आईच्या काळजाचे ठोके, रक्ताची सळसळ, आतड्यांची गुडगुड अखंड चालू असते, आणि त्यातूनच आईचा आवाजही पोचतो.

१९९० साली प्रसिद्ध झालेला इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा एक प्रयोग आहे. बाळं ४०, वय दोन ते सात दिवस. निम्म्यांना स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखा एकसुरी आवाज ऐकवला. त्यांतली १६ पाच मिनिटांत झोपली. ज्यांना काहीच ऐकवलं नाही, त्यांतली फक्त ५. पंख्याची घरघर हेच काम करते. बाळ दचकतं ते एकदम उठलेल्या आवाजानं. मागे सलग घरघर असली की दाराची कडी, भांड्याचा खणखणाट तिच्यात बराचसा बुडून जातो.

आता पंख्याची जागा मोबाइलनं घेतलीय. पावसाचा आवाज लावून तो उशाशी ठेवतात, तोही रात्रभर. हे मला धोक्याचं वाटतं. टोरांटोतल्या संशोधकांनी बाळांना झोपवणारी १४ आवाजी यंत्रं तपासली. ती पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. आवाज पूर्ण वाढवल्यावर फूटभर अंतरावर तीन यंत्रं ८५ डेसिबलच्या वर गेली. एवढ्या गोंगाटात कारखान्यातल्या कामगारानंही आठ तासांहून जास्त राहू नये, असं मानतात. रुग्णालयातल्या बाळांच्या खोलीसाठी मर्यादा सुचवलीय ५० डेसिबलची. मीटरभर अंतरावरही सगळ्या यंत्रांनी ती ओलांडली.

तेव्हा आवाज लावायचाच तर पाळण्यापासून सहा-सात फूट दूर, हळू बोललेलंही ऐकू येईल इतका लहान, आणि झोप लागली की बंद. दिवसभर तर नकोच. घरातलं बोलणंच घरघरीखाली गेलं, तर बाळ भाषा शिकणार कशावरून?

अंगाईची गोष्ट वेगळी. आमच्याकडे तिला लोरी म्हणतात. शब्द बाळाला कळत नाहीत. कवींनी वाईट वाटून घेऊ नये. झोक्याबरोबर लय चालते. डोळे मिटू लागले की आई सूर उतरवते, मग नुसतं गुणगुणते, मग थांबते. मोबाइलमधला पाऊस आपला पडतच राहतो.

आणखी एक. जागं असलेलं बाळ दार आपटलं तरी दचकत नसेल, तर ‘किती शांत आहे!’ म्हणून कौतुक करत बसू नका. कानांची तपासणी करून घ्या. ती तान्हेपणीही होते, आणि लवकर कळलं तर बोलणं शिकण्याचे महिने वाया जात नाहीत.