तणसातून निघालेलं दूध कोणाचं?

जानेवारीत नागभीडकडून ब्रह्मपुरीला निघालात तर गावागावांत तणसाचे ढीग दिसतात. धान मळून झालेलं असतं, दाणा घरात नाहीतर आधारभूत खरेदी केंद्रावर गेलेला असतो आणि मागे राहिलेलं पिवळं काड घराएवढं उंच रचून ठेवलेलं असतं. त्यातलं मूठभर काढून चुरगाळून बघा. कोरडं, खरखरीत, बोटांना टोचणारं. त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचंच भावंड. प्रथिनं शंभरात जेमतेम तीन-चार भाग. आपण खाल्लं तर पोटाला काही म्हणता काही लागणार नाही.

आणि गाय हेच खाऊन दूध देते! कसं शक्य आहे हे?

खरं सांगायचं तर गायीलाही तणस पचत नाही. ते पचवतात तिच्या कोटीपोटात राहणारे सूक्ष्मजीव. कोटीपोट हा गायीच्या पोटाचा पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा. मोठ्या गायीत तो शंभर लिटरच्याही पुढे जातो आणि त्यातल्या एकेका थेंबात कोट्यवधी जीव असतात. गाय त्यांना जागा देते, ऊब देते, लाळेचं पाणी देते आणि रवंथ करून चारा बारीक करून देते. ते राबतात, काड फोडतात आणि त्यातून निघालेली आम्लं गायीच्या रक्तात जातात. त्याच रक्तातून कासेत दूध तयार होतं. एक लिटर दूध बनायला कासेतून सुमारे चारशे-पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं! जागा एकाची, राबणारा दुसरा, पीक दोघांचं. आमच्या भागात याला बटई म्हणतात. गायीच्या पोटात ती कधीपासूनच चालू आहे.

आता पोटातून बाहेर या, बांधावर. तिथेही बटईच आहे. ज्याची जमीन त्याचं निम्मं धान, जो कसतो त्याचं निम्मं. हा व्यवहार बहुधा तोंडी होतो आणि त्यामागे जुनं कारण आहे. १९५८ चा विदर्भाचा कुळ कायदा कसणाऱ्याला संरक्षण देणारा, म्हणून कसणाऱ्याचं नाव कागदावर चढू द्यायला मालक बिचकतो. सातबारा मालकाच्या नावे, नांगर दुसऱ्याच्या हाती. दाण्याचा वाटा पायलीनं मोजून होतो. पण तणस? ते कोणाचं, हे ज्या-त्या गावच्या बोलीवर ठरतं. जिथे दुधाला गिऱ्हाईकच नाही, तिथे त्यासाठी भांडतो कोण?

दिल्लीत निघालेला एखादा आदेश या ढिगापर्यंत कसा येऊन पोचतो, ते आता बघा.

१९९१ च्या उदारीकरणात दूध उद्योगावरचं परवान्याचं बंधन गेलं. पण पुढच्याच वर्षी, ९ जून १९९२ ला, केंद्रानं दूध व दुग्धपदार्थ आदेश काढला. दिवसाला १०,००० लिटरहून जास्त दूध हाताळायचं असेल तर नोंदणी करा. आणि नोंदणीसोबत आलं मिल्कशेड. ओढ्याचं पाणलोट क्षेत्र असतं ना, इथे पडलेलं पाणी याच ओढ्याला जाणार? तसंच हे दुधाचं. अमुक टापूतलं दूध अमुक डेअरीचं. गायीला ठाऊक नसलेली एक रेघ तिच्या गोठ्याभोवती आखली गेली होती! मार्च २००२ मध्ये ही मिल्कशेडची बंधनं उठली. आता कोणीही, कुठेही जाऊन दूध घ्यावं.

मग सगळ्या डेअऱ्या गडचिरोलीकडे धावल्या का? नाही. कारण दुधावर कायद्याहून कडक एक हुकूम चालतो, जंतूंचा. ताज्या दुधात स्वतःचं थोडं रक्षण असतं, काही तास जंतूंना थोपवून धरणारं. ते ओसरलं की उन्हाळी हवेत जंतू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होऊ लागतात. त्याआधी दूध चार अंशांपर्यंत थंड व्हायला हवं. म्हणजे वीज हवी, बल्क कूलर हवा आणि टँकर येईल असा रस्ता हवा. भावाला मोकळीक मिळाली आणि तो डांबरी रस्त्यानं निघून गेला. तीन-चतुर्थांशाहून जास्त जंगल असलेल्या जिल्ह्यात तो शेवटी पोचणार, हे ओघानंच आलं. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प २०१६ च्या सुमारास उभा राहिला, तोही आधी ११ जिल्ह्यांत. सगळे १९ जिल्हे आले ते दुसऱ्या टप्प्यात.

पण समजा, झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, एखाद्या गावात दूध संकलन केंद्र आलं. मग काय होतं? दुधाला भाव आला की चाऱ्याला येतो. काल पावसात कुजणारं तणस आज मोलाचं होतं. शंभर किलो तणसावर चार किलो युरियाचं पाणी शिंपडून, हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवलं की ते मऊ पडतं आणि त्यातली नत्राची बाजू सुधारते. ही युक्ती कळलेला माणूस ढिगाकडे दुसऱ्याच नजरेनं बघू लागतो. आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेला, शेतीच्या नव्या सालाच्या बोलीत, मालक नवी अट घालू शकतो: तणसही निम्मं. दूध आदेशात तणस हा शब्दही नाही. तरी त्यातली मिल्कशेडची बंधनं उठल्यानं बटईच्या बोलीला हात लागतो!

गायीचंही तसंच. एकाची कालवड दुसऱ्यानं वाढवायची, व्याली की वासरं आळीपाळीनं वाटून घ्यायची, ही पद्धत जुनी. दूध घरातच खपत होतं तोवर ते सांभाळणाऱ्याचं, हे न बोलता ठरलेलं. आता त्याच दुधाची दर दहा दिवसांनी पट्टी निघते. मग मालकाला वाटा आठवला तर नवल काय?

संकलन केंद्रावर पहाटे उभं राहून बघा, तिथे आणखी एक नवल आहे. किटलीतलं चमचाभर दूध यंत्रात जातं, मिनिटभरात चिठ्ठी निघते: फॅट इतकी, एसएनएफ इतकं. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो. १८९० च्या सुमारास अमेरिकेत स्टीफन बॅबकॉक आणि स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनी फॅट मोजायच्या सोप्या रीती काढल्या. दोघांचंही मुख्य अस्त्र गंधकाम्ल. ते बाकी सगळं विरघळवतं आणि स्निग्धांश वर काचेच्या मानेत येऊन उभा राहतो, पट्टीनं मोजावा तसा. त्याआधी पाणी घातलेल्या आणि निर्भेळ दुधाला अनेकदा एकच भाव मिळे.

यात आमच्या भागाची एक जमेची बाजू आहे. गडचिरोलीजवळून वाहत वैनगंगेला मिळणाऱ्या कठाणी नदीचंच नाव इथल्या गायीलाही आहे. कठाणी ही गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडची गाय अलीकडेच देशाच्या अधिकृत जातींच्या यादीत आली. तिचे बैल धानाच्या चिखलात सरसर चालतात. तिचं दूध बादलीभर नसतं, पण गावठी गायीच्या दुधाला दाटपणा असतो, आणि यंत्राला दाटपणा कळतो.

केंद्रावर सातबारा कोणी विचारत नाही. ज्यानं दूध घातलं त्याचं नाव वहीत. शेतात कागदावर नसलेला बटईदार इथे पहिल्यांदा स्वतःच्या नावानं उभा राहतो. मला या साऱ्या व्यवहारात सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट.

पण गायीच्या कानाकडे बघा. पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. त्या आकड्यांमागे मालकाचं नाव आहे. २०२४ मध्ये भाव पडले तेव्हा राज्य सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे आधी ५ आणि पुढे ७ रुपये अनुदान दिलं, ते बिल्ल्याची नोंद आणि आधारशी जोडलेलं बँक खातं पाहून. आता वाट्यानं पाळलेल्या गायीचं काय? वहीत एकाचं नाव, कानात दुसऱ्याचं. वाघानं गाय मारली तर भरपाईही मालकालाच. रोज पहाटे उठून शेण काढणारा यात कुठे?

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. ऑस्ट्रेलियात मालकाच्या जमिनीवर गायी राखून दुधाच्या पैशात वाटा घेणारे शेअरफार्मर असतात. तिथे १ जुलै २००० ला पिण्याच्या दुधाचे बांधलेले भाव एका दिवसात सुटले आणि कोसळले. मग सरकारनं गिऱ्हाइकाच्या लिटरमागे ११ सेंटची पट्टी बसवून आठ वर्षं मदत वाटली. तिचा हिशेब एकरांवर नव्हता! १९९८-९९ साली घातलेल्या दुधावर होता, आणि त्या दुधाच्या पैशात ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्याचा हक्क. एक गुंठाही नावावर नसलेला माणूस मोजला गेला, कारण त्यानं दूध घातलं होतं.

सुटलेल्या भावात बटई आणि ठेका यांतलं अंतरही उघडं पडतं. जगात दूध भुकटी स्वस्त झाली की इथला दर खाली येतो. बटईत ती झळ दोघांना लागते. ठेक्यात मालकाचे पैसे ठरलेले, पडलेला दर एकट्या कसणाऱ्याच्या अंगावर. म्हणून बटईदाराला ठेक्यावर ढकलू नये आणि गायीच्या नोंदीत मालकासोबत सांभाळणाऱ्याचंही नाव असावं, असं मला मनापासून वाटतं. बारा आकड्यांपुढे आणखी एक नाव मावत नाही, असं थोडंच आहे?

गडचिरोलीतल्या भामरागडकडे माडिया आदिवासींच्या कित्येक गावांत परंपरेनं गायीचं दूध काढतच नाहीत. ते वासराचं. आणि जिथे काढतात तिथेही गावठी गाय वासराला विचारल्याशिवाय देत नाही. त्याला सोडायचं, त्यानं ढुशा द्यायच्या, तेव्हा कुठे तिच्या मेंदूतून संप्रेरक सुटतं आणि पान्हा उतरतो. मग वासराला बाजूला बांधून माणूस गुडघ्यांत चरवी धरून बसतो. तीन सडांची धार चरवीत वाजते. चौथा सड तसाच ठेवतात, आणि दावं सोडतात.