छायाचित्रांची खातेवही

छापील छायाचित्रांच्या काळात घराघरांतून एक चांगली पद्धत होती. अल्बममध्ये लावण्यापूर्वी छायाचित्राच्या मागे कोणीतरी पेन्सिलीने दोन ओळी लिहून ठेवीत असे : कोणाचे लग्न, कोणते गाव, कोणते साल. पन्नास वर्षांनंतर त्या कृष्णधवल चित्रातील नऊवारी नेसलेली स्त्री कोण, हे त्या दोन ओळींमुळेच कळते. आज मोबाइलमध्ये पाहता पाहता हजारो छायाचित्रे जमतात. त्यांना मात्र मागची बाजू नसते. ही उणीव संग्रह-व्यवस्थापनाची सोय असलेली संपादन सॉफ्टवेअर भरून काढतात. त्यांची निवड करताना रंग किती खुलतात हे पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा : आपण लिहिलेली नावे नेमकी कोठे साठविली जातात?

रोकड आणि खातेवही

बँकेत रोकड तिजोरीत असते आणि ती कोणाची किती, हे खातेवही सांगते. येथेही तसेच आहे. छायाचित्रे संगणकावरील फोल्डरमध्ये राहतात. नावे, तारखा, शब्दखुणा आणि संपादनाचा तपशील बहुधा सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र सूचीत राहतो. उजेड किती वाढविला, कडा किती कापल्या, एवढीच नोंद त्यात होते आणि मूळ चित्राला धक्का लागत नाही. केव्हाही मूळ रूपाकडे परतता येते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. मात्र केवळ छायाचित्रांची नक्कल करून घेतली, तर खातेवही मागेच राहते.

दुसरी पद्धत, नोंद छायाचित्राच्या फाइलमध्येच लिहिण्याची. कॅमेरा तारीख आणि वेळ ‘एक्झिफ’ या नोंदीत लिहितो. मथळे व शब्दखुणांसाठी ‘एक्सएमपी’ ही पद्धत अडोबी कंपनीने २००१ मध्ये आणली आणि २०१२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ती युनिकोडवर आधारलेली असल्याने देवनागरीत लिहिलेली नावेही तीत नीट टिकतात.

इतिहासाचा धडा

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे ‘पिकासा’च्या उदाहरणावरून दिसून येते. गूगलने २००४ मध्ये घेतलेले आणि विनामूल्य दिलेले हे सॉफ्टवेअर भारतातही घरोघरी वापरले गेले. मार्च २०१६ मध्ये त्याचा पाठिंबा थांबला. पिकासात लिहिलेले मथळे व शब्दखुणा छायाचित्रातच उतरत असल्याने त्या वाचल्या. चेहऱ्यांना दिलेली नावे मात्र, वेगळा पर्याय निवडला नसेल तर, पिकासाच्या स्वतःच्या फाइलींत राहत. ज्यांनी केवळ छायाचित्रे नव्या संगणकावर नेली, त्यांची ती मेहनत वाया गेली.

पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअरही याला अपवाद नाही. अ‍ॅपलने २००५ मध्ये आणलेल्या ‘अ‍ॅपर्चर’चा विकास थांबविण्याची घोषणा २०१४ मध्ये झाली आणि २०१९ च्या मॅक प्रणालीपासून ते चालेनासे झाले.

आजचे पर्याय

‘डिजिकॅम’ हे मुक्त व विनामूल्य सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. चेहरे ओळखण्याचे काम ते आपल्याच संगणकावर करते आणि नोंदी फाइलमध्ये लिहिण्याची सोय देते. नवख्या माणसाला त्याची मांडणी प्रारंभी किचकट वाटण्याचा संभव आहे.

अडोबीचे ‘लाइटरूम क्लासिक’ संपादनात समर्थ आहे; पण ते वर्गणीवर मिळते. वर्गणी थांबल्यास संग्रह पाहता येतो व चित्रे बाहेर काढता येतात. संपादनाचा विभाग मात्र बंद होतो. बदल एक्सएमपीत आपोआप लिहिण्याचा पर्यायही स्वतः सुरू करावा लागतो. याच कंपनीच्या ‘फोटोशॉप एलिमेंट्स’चा परवाना ऑक्टोबर २०२४ मधील आवृत्तीपासून तीन वर्षांच्या मुदतीचा झाला आहे. म्हणून खर्चाचा अंदाज एका महिन्याचा न घेता दहा वर्षांचा घ्यावा.

‘गूगल फोटोज’ सोपे आहे. परंतु १ जून २०२१ पासून तेथील अमर्याद विनामूल्य साठवण संपली. जीमेल व ड्राइव्ह धरून १५ जीबीची मर्यादा आहे. शिवाय तेथून संग्रह परत घेताना तेथे लिहिलेली वर्णने छायाचित्रांबरोबर वेगळ्या फाइलींत येतात.

निवडीपूर्वीची कसोटी

कोणतेही सॉफ्टवेअर स्वीकारण्यापूर्वी पन्नास छायाचित्रांवर त्याची परीक्षा घ्यावी. त्यांत काही कॅमेऱ्याची, काही स्कॅन केलेली जुनी आणि काही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली असावीत. स्कॅन केलेल्या चित्रावर स्कॅनची तारीख पडते. ती बदलून १९६८ करता येते का, हे पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपवर सामान्य रीतीने पाठविलेल्या चित्रातील मूळ नोंदी गळून पडतात. म्हणून महत्त्वाची छायाचित्रे नातेवाइकांकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावीत.

त्यानंतर चार-पाच चित्रांना मराठीत नावे व मथळे द्यावेत आणि शोधून पाहावेत. शेवटी तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडावा. तेथे जे दिसेल तेवढेच खऱ्या अर्थाने आपले. संपादित रूप हवे असल्यास त्याची स्वतंत्र जेपेग प्रत काढून ठेवावी.

संग्रहाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा नियम सर्वांनीच पाळण्याजोगा आहे. प्रत काढताना सूचीची फाइलही विसरू नये.

प्रारंभ कोठून करावा, हाही प्रश्न असतो. गेल्या महिन्यातील सहलीची छायाचित्रे थोडी थांबू शकतात. ज्या चित्रांतील माणसे घरातील एकाच वृद्ध व्यक्तीला ओळखता येतात, ती प्रथम हाती घ्यावीत. त्यांच्या शेजारी बसून एकेक नाव विचारावे आणि त्याच वेळी टंकित करावे. सॉफ्टवेअर पुढेमागे बदलता येईल. नावे सांगणारे माणूस मात्र पुन्हा मिळणार नाही.