एका प्लायवूडएवढी सुतारशाळा

आठ फूट बाय चार फूट हे प्लायवूडच्या अख्ख्या शीटचं माप. शहरातल्या कितीतरी फ्लॅटना हॉलला लागून असलेली बाल्कनी जवळपास एवढीच असते. एवढ्या जागेत सुतारकाम होतं, नीटनेटकं होतं, आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोप न मोडता होतं. त्यासाठी एक निर्णय मात्र सुरुवातीलाच घ्यावा लागतो. ही जागा हातहत्यारांची असेल, यंत्रांची नाही.

हौशी माणूस बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी गोल करवतीचं यंत्र येतं, मग राउटर, मग सँडर. ती ठेवायला कपाट येतं आणि काम करायला जागाच उरत नाही. जागेचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा, खरी अडचण आवाजाची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गोल करवत किंवा राउटर चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज नव्वदच्या पुढे सहज जातो, आणि डेसिबलच्या मोजणीत दर दहाला ध्वनीची तीव्रता दहापट होते. नोकरी करणाऱ्या माणसाला मोकळा वेळ मिळतो तो रात्री जेवणानंतर. त्या वेळी रंधा चालू शकतो, राउटर नाही.

दुसरी अडचण धुळीची. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नोंदवलं आहे. सँडरमधून उडणारी बारीक धूळ तासन्‌तास हवेत तरंगत राहते, आणि बाल्कनीचं दार उघडतं ते घरातच. हातकरवतीचा भुसा जाड असतो, तो पायाशी पडतो. रंध्यातून तर धूळ निघतच नाही, लांब सालं निघतात. ती केरसुणीने गोळा होतात. पॉलिश पेपरचं काम हातानेच करायचं असलं तरी एन-९५ मास्क लावूनच करावं.

विजेवर चालणारं एकच यंत्र मी या जागेत आनंदाने ठेवीन, ते म्हणजे ड्रिल. त्याचा आवाज थोडा वेळच होतो आणि स्क्रू बसवण्याचं कामही तेच करतं. एका गोष्टीला मात्र ठाम नकार. अनेक कामांच्या ठिकाणी चार इंची मार्बल कटर प्लायवूडला खालून उलटा बसवून त्याची टेबल-करवत केलेली दिसते. मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेणारं ते पातं, वर कसलंही आवरण नाही, लाकूड मागे फेकलं जाऊ नये म्हणून फटीत राहणारी पाचर नाही. रोज हेच काम करणाऱ्यांचीही बोटं त्यात गेली आहेत. घरात, मुलाबाळांच्या वावरात, ही व्यवस्था कधीही करू नये. प्लायवूड चिरायचं असेल तर दुकानातच चिरून घ्यावं. काही मोठ्या दुकानांत मोठी पॅनेल-करवत असते, ती कोन चुकवत नाही. शिवाय आठ फुटी शीट सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही.

आता जागेकडे वळू. पाश्चात्त्य सुतारकामाची पुस्तकं वाचली की वाटतं, सात-आठ फुटी, मणभर वजनाचा बाक असल्याशिवाय आरंभच नाही. पण आपल्याकडचा सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून काम करत आला. त्याची टाच फळीला दाबून धरते, पायाचा अंगठा पट्टी अडवतो, दोन्ही हात हत्याराला मोकळे राहतात. शिकंजाचं काम पाय करतात आणि बाकाचं काम जमीन करते. जपानी सुतारही खाली बसूनच काम करत आले आणि त्यांची करवत ओढताना कापते. ओढण्याच्या जोराने फळी माणसाकडेच येते, म्हणून ती पायाने अडवणं सोपं जातं. लहान जागेसाठी या बैठकीइतकी सोयीची गोष्ट नाही. काम संपलं की सुतारशाळा गुंडाळून कोपऱ्यात उभी करता येते.

ज्यांच्या गुडघ्यांना जमिनीवर बसणं सोसत नाही, त्यांनी मधला मार्ग घ्यावा. गुडघ्याइतका, म्हणजे अठरा इंच उंचीचा, दहा-अकरा इंच रुंद आणि चार फूट लांब बुटका बाक करावा. त्याच्यावर फळी ठेवून तिच्यावर गुडघा टेकला की करवतीने चिरणं होतं. त्याच्यावरच आडवं बसलं की पटाशीचं काम होतं. रंधा मारताना दोन्ही पाय बाजूला टाकून बसावं आणि फळीच्या पुढे अडवणारा लाकडी ठोकळा ठेवावा. एरवी हाच बाक बाल्कनीत चहा प्यायला बसण्यासाठी उपयोगी पडतो.

उभ्यानेच काम करायचं असेल तर बाकाची उंची आपल्या शरीरावरून ठरवावी. सरळ उभं राहून हात सैल सोडले की मनगटाची घडी जिथे येते, तिथे बाकाचा वरचा पृष्ठभाग. साडेपाच फुटी माणसाला ही उंची बत्तीस इंचांच्या आसपास येते. बाक त्याहून उंच झाला तर रंध्यावर अंगाचा भार पडत नाही, सगळी मेहनत खांद्यांवर येते. लांबी चार फूट, रुंदी वीस इंच पुरे. वरची फळी मात्र अडीच इंचांपेक्षा पातळ नको, नाहीतर पटाशीवर घाव घातला की बाक थरथरतो आणि घावाची ताकद वाया जाते. एवढ्या लहान बाकाला स्वतःचं वजन पुरत नाही, म्हणून त्याचे मागचे दोन पाय भिंतीला अँकर बोल्टने आवळून टाकावेत. भिंतीलाच, बाल्कनीच्या कठड्याला कधीही नाही. उजेड डाव्या बाजूने यावा, डावखुऱ्यांना उजवीकडून. रात्रीसाठी एक एलईडी दिवा फळीच्या पातळीत, अगदी आडवा लावावा. डोक्यावरच्या दिव्यात न दिसणारा उंचवटा त्या तिरप्या उजेडात सावली टाकतो.

पण नव्या सुतारशाळेत सगळ्यात आधी जागा द्यायची ती धार लावण्याला. हत्यार बोथट असेल तर पुढचं सगळं फोल ठरतं. धार लावायची सोय लांब असेल तर माणूस टाळाटाळ करतो आणि बोथट पटाशी जोराने ढकलत राहतो. हाताला होणाऱ्या जखमा बहुतेक अशाच घडतात. बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी नळ असेल तर फारच उत्तम. त्याच्या शेजारी पाण्यावर चालणारे दोन निसणे कायमचे मांडून ठेवावेत, एक हजार नंबरचा आणि एक सहा हजार नंबरचा. हे महाग वाटले तर जाड काचेच्या तुकड्यावर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवावा, चारशे, आठशे, दीड हजार असा चढत. पातं पंचवीस अंशांत घासायचं आणि टोकाला तीस अंशांची बारीक कड द्यायची. मागची बाजू आरशासारखी सपाट करणं हे काम एकदाच करावं लागतं, पण ते केल्याशिवाय धार येत नाही. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर आठ-दहा वेळा ओढून घ्यायचं. पाइनच्या फळीच्या कापलेल्या टोकावर पटाशी ढकलून पाहावी. तंतू न चुरडता चकचकीत काप निघाला तर धार लागली.

हत्यारं किती लागतात? थोडी. साडेनऊ इंची चार नंबरचा लोखंडी रंधा, पाव इंच, अर्धा इंच आणि एक इंच अशा तीन पटाश्या, लाकडी हातोडा, एक बारीक दात्यांची करवत, गुण्या, मार्किंग गेज, पोलादी पट्टी आणि चार क्लॅम्प. पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट हे हत्यारांचे भाग आहेत. जुन्या बाजारात हिंडलात तर एखादा जुना रंधा गंजलेल्या अवस्थेत मिळतो. गंज साफ करता येतो, पण तळ वाकलेला किंवा तडा गेलेला असेल तर तो घेऊ नये. मोजपट्टीवर इंच आणि सूत दोन्ही वाचता यायला हवेत. वखारवाला आणि सुतार आजही सुतात बोलतात, एका इंचाची आठ सूत.

मांडणीचं माझं सूत्र एवढंच: जे हत्यार बाकापाशी उभ्याने हात लांब करून मिळत नाही, ते वापरलं जात नाही. म्हणून बाकाच्या मागची भिंत हीच हत्यारांची जागा. तिला आडव्या लाकडी पट्ट्या ठोकाव्यात आणि त्यांची वरची कड पंचेचाळीस अंशांत अशी चिरावी की भिंतीकडे खाच तयार होते. हत्याराच्या खणाच्या मागे तशीच उलटी चिरलेली पट्टी लावली की खण त्या खाचेत बसतो, आणि हवा तेव्हा उचलून दुसरीकडे अडकवता येतो. नवं हत्यार आलं की भिंतीला नव्याने भोकं पाडावी लागत नाहीत. पटाश्यांची धार खाली आणि आवरणात असावी. घरात लहान मूल असेल तर करवत आणि पटाश्या त्याच्या हाताच्या वर, कुलपात.

उरलेले तुकडे हा छोट्या जागेचा शत्रू. हाताच्या वितीपेक्षा लहान तुकडा ठेवायचा नाही, हा नियम सोडू नये.

लाकूड कुठून आणायचं? पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोड. वखारीत भाव घनफुटावर असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणायचं आणि १४४ ने भागायचं. सात फूट लांब, सहा इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे ०.४४ घनफूट. हा हिशेब खिशातल्या कागदावर करून मगच वखारीची पायरी चढावी. सागात ‘सी.पी.’ हा शब्द ऐकू येतो तो जुन्या मध्य प्रांताचा, त्यात आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीची जंगलंही आली. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते याच भागातल्या बल्लारपूरहून. पण शिकणाऱ्याने सागावर हात चालवू नये, महाग पडतं. सागाचा पांढरट बाहेरचा भागही टिकाऊ नसतो, कीड त्यालाच आधी लागते. शिकण्यासाठी पाइन चांगलं. चाकण, भोसरीसारख्या औद्योगिक भागात आयात मालाच्या पेट्यांचं पाइन स्वस्तात मिळतं. त्यावर शिक्का बघून घ्यावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने कीड मारलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेलं, ते घरात आणू नये.

आणलेलं लाकूड लगेच कापू नका. ते बाल्कनीत, खाली-वर पट्ट्या देऊन, हवा खेळेल असं दोन-तीन आठवडे ठेवा. लाकूड हवेतल्या दमटपणाशी जमवून घेतं. एप्रिलच्या कोरड्या हवेतली बारा इंच रुंद फळी जुलैच्या मुंबईत दोन-चार मिलिमीटर रुंद होऊ शकते, लांबी मात्र जवळजवळ बदलत नाही. पावसाळ्यात घरोघरी दारं अडकतात ती यामुळेच. पाटाच्या खाली आडव्या ठोकलेल्या दोन पट्ट्यांचं कारणही यातच आहे. त्या फळीला वाकू देत नाहीत, पण त्या डिंकाने घट्ट चिकटवल्या तर फुगणारी-आक्रसणारी फळी चिरते. म्हणून त्या तिरप्या खाचेत सरकत्या बसवाव्यात किंवा स्क्रूचं भोक लंबगोल ठेवावं. पहिली वस्तू म्हणून पाट करायला मी सांगतो ते यासाठी. एका वस्तूत रंधा, करवत, खाच, लाकडाचं फुगणं आणि पॉलिश, सगळं येतं.

पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यावी. पातळ हात पटकन वाळतो आणि स्पिरिटचा वास लवकर जातो. पावसाळ्यात मात्र हा हात देऊ नये, ओलाव्याने पांढुरकी झाक येते. जवसाचं तेल वापरलंत तर तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कधीही टाकू नका. ती हवेशी अभिक्रिया होऊन आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. फ्लॅटमध्ये ही गोष्ट जिवाशी आहे. हत्यारांना पावसाळ्याआधी शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्या. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना ती साफ केलेली असतातच, पण गंजायची ती जून-जुलैत गंजतात.

पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून बरंच समजतं, पण रंध्यावर किती जोर द्यायचा हे दुसऱ्याचा हात पाहूनच कळतं. सरकारी आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. नोकरदारांना तो जमत नसेल तर आपल्या गावात, गल्लीत एखादा जुना सुतार हातरंध्यावर काम करत असेल, त्याच्याकडे जा. अशी माणसं कमी होत चालली आहेत, कारण सनमायका आणि तयार फर्निचरच्या कामाला हातरंधा लागत नाही. त्यांच्याकडे रविवारची सकाळ मागा, शेजारी बसून शिका, आणि शिकवल्याचे पैसे कामाच्या मजुरीइतकेच द्या.