विद्यार्थ्यांनी संशोधन-प्रस्ताव कसा लिहावा?

आपल्या पंचक्रोशीतून वैद्यकीय शाखेस गेलेली मुले सुट्टीत गावी येतात, तेव्हा त्यांतील एखादा विद्यार्थी संशोधन-प्रस्तावाचा कच्चा मसुदा घेऊन माझ्याकडे येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन शिष्यवृत्तीची योजना सुरू केली. दोन महिन्यांत पार पडेल असे काम मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करावे, अशी ही योजना आहे. या निमित्ताने अनेक मसुदे वाचण्यात आले. भाषा नीटस, संदर्भ विपुल. परंतु विद्यार्थ्याला नेमके काय विचारावयाचे आहे, ते मात्र पहिल्या तीन-चार पानांत हाती लागत नाही. ‘मधुमेहाचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रस्तावाचा बाकी सारा डोलारा एका प्रश्नार्थक वाक्यावर उभा असतो. ते वाक्य जमले नाही, तर पुढील पाने कितीही सजवली तरी निष्फळच.

प्रश्न कसा असावा, याचे उत्तम उदाहरण आपल्या कोकणातच आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील महाडजवळ बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण पाहिले. त्यांनी ‘विंचूदंशाचा अभ्यास’ असे मोघम काही हाती घेतले नाही. दंश झालेल्या कोणत्या रुग्णाच्या हृदयावर पुढे परिणाम होणार, हे आरंभीच्या लक्षणांवरून ओळखता येईल काय, एवढेच त्यांनी विचारले. उत्तर रुग्णाच्या खाटेशी बसून मिळणारे होते: उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय. हे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. प्राझोसिन या औषधाच्या उपयोगावरील लेख १९८६ साली त्याच नियतकालिकात आला. खेड्यातील डॉक्टरला संशोधन शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांस माझे उत्तर एवढेच असते.

त्यांच्याच एका पुढील कामातून विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट उचलावी. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाड येथील एक तौलनिक चाचणी प्रसिद्ध झाली. सत्तर रुग्ण, निम्म्यांना केवळ प्राझोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला प्रतिविष. बरे होणे म्हणजे काय, याचा मुख्य निकष एकच होता: दहा तासांनंतर लक्षणे शमली की नाहीत? प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जणांची शमली, दुसऱ्या गटातील ३५ पैकी ८ जणांची. असा निकष रुग्ण तपासण्यापूर्वी कागदावर उतरवावा लागतो. तो नंतर ठरविण्याची मोकळीक ठेवली, तर प्रत्येक संशोधन यशस्वीच ठरेल! म्हणून मी विद्यार्थ्यांना निष्कर्षांचे तक्ते आधीच आखावयास सांगतो. रकाने रिकामे, मथळे भरलेले. ज्या माहितीला तक्त्यात घर नाही, ती प्रश्नावलीत विचारण्याचे कारण नाही.

आता विंचू बाजूस ठेवून आपल्या गावाकडे येऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, गोव्यात २६.४ टक्के, सर्व राज्यांत अधिक. मांद्रे येथील दवाखान्यात बसणाऱ्या कोणालाही हा आकडा वाचून फारसे नवल वाटणार नाही. बधिर झालेल्या पायाला काटा किंवा शिंपला लागतो, रुग्णाला कळत नाही, आणि तो येतो तेव्हा बोट काळे पडलेले असते. यातून विद्यार्थ्याने घेण्याजोगा प्रश्न असा: ‘मांद्रे गावात राहणाऱ्या व किमान एक वर्ष मधुमेहाचे उपचार घेणाऱ्या प्रौढांपैकी किती जणांच्या पायांची तपासणी गेल्या बारा महिन्यांत झाली?’ कोण, कोठे, किती काळात, काय मोजावयाचे, हे सारे या एका वाक्यात आले.

तथापि ‘तपासणी’ या शब्दाची व्याख्या हवीच. डॉक्टरांनी पायाकडे नजर टाकली, ही तपासणी काय? माझ्या मते नाही. पादत्राणे काढून तळवे व बोटांच्या बेचक्या पाहणे, दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने संवेदना जोखणे आणि पायाची नाडी चाचपणे, एवढे झाले तरच ‘झाली’ म्हणावे. शिवाय रुग्णाच्या आठवणीवर विसंबावयाचे की केसपेपरवर, हेही लिहावे. दोहोंतून वेगवेगळी उत्तरे निघतात.

रुग्णसंख्येच्या बाबतीत विद्यार्थी उगाच धास्तावतात. अपेक्षित प्रमाण ठाऊक नसेल, तर ते ५० टक्के धरावे. चार गुणिले ५० गुणिले ५०, भागिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग, हे सोपे सूत्र पदवीच्या अभ्यासक्रमात असतेच. उत्तर दहा अंकांनी इकडे-तिकडे झालेले चालत असेल, तर १०० रुग्ण पुरतात. पाचच अंकांची सवलत ठेवली, तर ४०० लागतात. दोन महिन्यांत एकट्या विद्यार्थ्याने शंभरावर समाधान मानावे, नकार देणाऱ्यांसाठी दहा-पंधरा नावे अधिक धरावीत, आणि उत्तराची ही मर्यादा प्रस्तावात नमूद करावी.

संख्येहून अवघड गोष्ट म्हणजे हे शंभर जण आणावयाचे कोठून. माझ्याच दवाखान्यात येणारे रुग्ण मोजले, तर उत्तर माझ्या दवाखान्याचे मिळेल, गावाचे नव्हे. जो डॉक्टरकडे जातच नाही त्याचा पाय कोणीच पाहिलेला नसतो, आणि ‘उपचार घेणाऱ्या’ या अटीमुळे तो माझ्या वरील प्रश्नातूनही निसटतो. त्याला सामावून घ्यावयाचे तर वाक्य बदलावे लागेल. काळाचेही तसेच. पर्यटनाच्या हंगामात शॅकमध्ये, हॉटेलात राबणारा माणूस दुपारी घरी सापडत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा मच्छीमार घरी भेटतात. पण त्याच दिवसांत शेतकरी भातलावणीसाठी अनवाणी चिखलात असतो आणि पायांच्या जखमांची संख्याही वेगळी दिसू शकते. कोणते दोन महिने निवडले व का, यासाठी एक परिच्छेद अवश्य खर्चावा. परीक्षक तो वाचतात.

संमतीपत्राविषयी मला थोडे आग्रहाने सांगावयाचे आहे. परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिमूल्य समितीची मान्यता व रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक आहे. पण छोट्या गावात डॉक्टरांच्या मुलाला किंवा ओळखीच्या विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणणे जड जाते, हे समितीच्या नमुना-कागदात लिहिलेले नसते. यास्तव संमती मागणारी व्यक्ती उपचार करणारी नसावी, आणि नकार दिल्यास औषधपाण्यात फरक पडणार नाही हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे. कागद मराठीत, देवनागरी कोंकणीत आणि कर्नाटकातून कामासाठी आलेल्यांसाठी कन्नडमध्येही असावा. प्रस्तावात या भाषांची नावे लिहावीत.

खर्च व वेळापत्रक हे भाग लहान असतात. प्रामाणिकपणे भरले म्हणजे झाले. संदर्भही आठ-दहा पुरेत, मात्र ते स्वतः वाचलेले असावेत. दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेली संदर्भसूची जाणकाराला लगेच ओळखू येते.

एक मुद्दा मात्र बहुतेक मसुद्यांत मुळीच नसतो. पाहणी करताना एखाद्याच्या तळव्याला जखम आढळली, तर विद्यार्थी काय करणार? नोंद करून पुढच्या घरी जाणार? त्याच दिवशी रुग्णास कोठे पाठवावयाचे, चिठ्ठी कोण देणार, बांबोळीस जाण्याची वेळ आल्यास सोबत कोण, हे आधी ठरवून लिहिलेले हवे. ज्या प्रस्तावात याचे उत्तर नाही, त्यावर मार्गदर्शकाने सही करू नये असे माझे मत आहे.

आपल्या भागातील कोणी विद्यार्थी हे काम हाती घेणार असेल, तर समितीची मान्यता व रुग्णांची संमती मिळाल्यावर माझ्या दवाखान्यातील केसपेपर त्याला पाहावयास मिळतील. येताना प्रश्नाचे वाक्य तेवढे लिहून आणावे.