पर्यायांचा क्रम कसा लावायचा?

बारावी झाली, सीईटी झाली, आता खरी कसोटी अभियांत्रिकीच्या पर्याय-अर्जाची. इथं कोल्हापुरात पालक हमखास विचारतात, "सर, सांगलीचं वालचंद वर टाकलं आणि मिळालं नाही, तर खाली लिहिलेलं केआयटीपण हातचं जाईल का हो?"

नाही जात. कॅपमध्ये गुणवत्ता क्रमांकानुसार तुमची पाळी येते, मग तुमची यादी वरून खाली पाहिली जाते. पहिली शिल्लक जागा सापडेल, ती तुमची. वर अवघड नाव लिहिल्यानं खालच्याचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते भीतीनं. "हे तरी मिळेल" म्हणून नको असलेली शाखा पहिली टाकली आणि पहिल्याच फेरीत मिळाली, तर ती घ्यायची, नाहीतर कॅपच्या पुढच्या फेऱ्या बंद. कागलकडच्या एका मुलीचं असंच झालं. तिला कॉम्प्युटर हवं होतं, गुणही होते. घरच्यांनी धास्तीनं दुसरीच शाखा वर लिहिली.

म्हणून क्रम लावा तो आवडीनं. मागच्या वर्षीचा कटऑफ बघायचा, तो यादी किती खालपर्यंत न्यायची हे ठरवायला. आणि अर्ज पक्का करण्याआधी यादी मुलाला, मुलीला मोठ्यानं वाचायला सांगा. चार वर्षं त्यांनाच शिकायचंय.