डॉक्युमेंटेशन एजंटला कळतंय का, हे तपासायचं कसं?

आजचा भाग माझ्याच एका घोळापासून सुरू करतो.

आमच्या टीममध्ये डेटाबेसमधले बदल चालवायचं एक छोटं कमांड-लाइन टूल आहे. त्याचं डॉक्युमेंटेशन मी लिहिलेलं, आणि ते झकास आहे अशी माझी समजूत होती. एका दुपारी कोडिंग एजंटला सांगितलं, "या टेबलमधला टेस्ट डेटा साफ कर." एजंट म्हणजे काय, तर जे मॉडेल स्वतः कमांड चालवतं, आलेलं आउटपुट वाचतं आणि पुढचं पाऊल ठरवतं ते. त्यानं इमानदारीत साफ केला. पण स्टेजिंगवरचा. क्यूएमधल्या मैत्रिणीनं डेमोसाठी तीन दिवस खपून भरलेला डेटा गेला.

कारण साधं होतं. एन्व्हायर्नमेंट सांगितलं नाही तर आमचं टूल स्टेजिंग धरतं, आणि हे डॉक्समध्ये कुठेच नव्हतं. मग इतके दिवस कुणाचं अडलं कसं नाही? कारण नवीन आलेला प्रत्येक जण खुर्ची वळवून विचारायचा, "अरे, हे कुठल्या डेटाबेसवर चालतं?" डॉक्समधलं भोक आम्ही तोंडी बुजवत होतो. एजंटला शेजारी नसतो. जे लिहिलेलं नाही ते तो गृहीत धरतो आणि रेटून पुढे जातो.

तेव्हापासून मी डॉक्स वाचून मार्क देणं बंद केलंय. सध्या चेकलिस्टची फॅशन आहे. साइटवर एलएलएम्स डॉट टीएक्सटी आहे का, हा त्यातला ठरलेला प्रश्न. जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ही कल्पना मांडली: मॉडेलला वाचायला सोपी जाईल अशी एक मार्कडाउन फाइल साइटच्या मुळाशी ठेवायची. कल्पना चांगलीच आहे. पण फाइल आहे म्हणून काम होतं का, ते काम देऊनच कळणार ना!

म्हणून मी असं करतो. रिकामा डॉकर कंटेनर, त्यात टूल, डॉक्सचं फोल्डर, आणि एक खरंखुरं काम. काम झालं की नाही हे वेगळी स्क्रिप्ट तपासते. एजंट स्वतः "झालं" म्हणाला याला काडीची किंमत नाही. तेच काम अनेकदा चालवायचं, कारण मॉडेल दर वेळी एकाच वाटेनं जात नाही. आणि मग, हे बरेच जण विसरतात, डॉक्स काढून टाकून पुन्हा चालवायचं. गिटचं साधं काम द्या, डॉक्स नसले तरी जमेल, कारण गिट मॉडेलला आधीच पाठ आहे. म्हणजे त्या चाचणीतून गिटच्या डॉक्सबद्दल काहीच कळलं नाही. डॉक्ससह आणि डॉक्सशिवाय यात जो फरक पडतो, तेवढंच डॉक्सचं श्रेय.

पाठ असणं उलटंही पडतं. पायथनमधलं पायडँटिक घ्या. २०२३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि बरीच नावं बदलली. जुनी 'डिक्ट' मेथड जाऊन 'मॉडेल_डम्प' आली, पण जुनी अजून चालते, फक्त वॉर्निंग देते. एजंट सवयीनं जुनीच लिहितो, स्क्रिप्ट पास म्हणते, आणि आपण खूश. म्हणून पास-नापासावर न थांबता पूर्ण लॉग वाचावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण खरी माहिती तिथेच असते. याउलट 'बेससेटिंग्ज' हा क्लास वेगळ्या पॅकेजात हलवला, तर तिथे एरर मेसेजच सांगतो की तो आता पायडँटिक-सेटिंग्जमध्ये आहे, आणि सोबत लिंकही देतो. एजंटसाठी यापेक्षा चांगलं पान सापडणं कठीण, कारण नेमकं अडल्या क्षणी ते समोर येतं.

आमच्या टूलचे लॉग वाचले तेव्हा हेच दिसलं. एजंट माझं लांबलचक गाइड क्वचितच उघडायचा, आधी हेल्प कमांड चालवायचा. मी जीव ओतला होता गाइडमध्ये, आणि हेल्पमध्ये जेमतेम दोन ओळी!

मग मी गाइडमध्ये इशारा लिहिण्यापेक्षा टूलच बदललं. आता एन्व्हायर्नमेंट दिलं नाही तर ते चालतच नाही. एररमध्ये पर्यायांची नावं देतं आणि 'माहीत नसेल तर काम देणाऱ्याला विचारा' असं सरळ सांगतं. चाचण्यांमध्ये एक फसवं कामही घातलं, ज्यात कुठला डेटाबेस ते मुद्दाम सांगितलेलं नाही. तिथे पास होण्याचा एकच मार्ग: थांबून विचारणं.

पहिल्या फेऱ्यांत एजंट यादीतलं पहिलं नाव उचलून मोकळा व्हायचा, आणि यादीत पहिलं होतं स्टेजिंग. आता क्रम बदललाय, डिलीट करणाऱ्या कमांडला डेटाबेसचं नाव पुन्हा टाइप करावं लागतं, आणि एजंटकडून स्टेजिंगचा पासवर्ड काढून घेतलाय. फसव्या कामात तो बहुतेक वेळा थांबतो. बहुतेक वेळा, म्हणून पासवर्ड अजून परत दिलेला नाही.